चुकीच्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह

महाडच्या वाचनालयात दर दोन महिन्यांनी एका रविवारी नव्या पुस्तकांवर बोलायचं काम माझ्याकडे आहे. नोकरीभर वृत्तपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. निवृत्तीनंतर ती सवय पुस्तकांवर निघते. वाचताना हातात पेन्सिल असते. पटलं नाही त्या वाक्यापुढे समासात बारीक प्रश्नचिन्ह पडतं.

या वेळी तीन पुस्तकं होती.

पहिली कादंबरी कशेडी घाटातल्या ट्रकचालकाची. दरड कोसळते, गाड्या अडकतात आणि चालक सलग चाळीस पानं आयुष्याचा अर्थ शोधतो. दरड कोसळल्यावर खरा चालक आधी फोटो काढून मालकाला पाठवतो, मग चहा कुठे मिळेल ते विचारतो. कथा आजची आहे, पण कशेडीला आता बोगदा आहे हे कादंबरीला ठाऊक नाही. लेखक घाटातून गेला असेल तर झोपेत गेला असावा.

दुसरं एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मकथन. त्यातली प्रत्येक बदली प्रामाणिकपणामुळे झाली आहे, मुदत संपली म्हणून एकही नाही. भाषा स्वच्छ आहे. इतकी स्वच्छ, की हात कोणाचा फिरला ते विचारावंसं वाटतं.

तिसरं पुस्तक चांगलं होतं, म्हणून त्याचा संशय जास्त. पुण्याच्या एका अभ्यासकाने पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर लिहिलेलं. माणसांची नावं बदलली होती. पण अंगणातला दोन खोडांचा फणस आणि निळं दार जसंच्या तसं ठेवलं होतं. त्या घरातली विधवा बाई सांगते, ‘पोरगा मुंबईवरना फोन करतो. जेवलीस का इचारतो. काय जेवलीस ते नाय इचारत.’ त्याखाली लेखकाचं स्वतःचं वाक्य होतं: ‘मुलगा तीन वर्षांत घरी आलेला नाही.’

मी बाईच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. माणसं इतकं बेतून बोलत नाहीत. अशी वाक्यं टेबलावर तयार होतात. मी स्वतः केलेली आहेत. खालचं वाक्य कोरडं होतं, त्यात आकडा होता. ते तसंच सोडलं.

वाचनालयाच्या फळ्यावर तिन्ही पुस्तकांची नावं लागली. दोन दिवसांनी वीर स्टेशनवरून घरी येताना रिक्षावाल्याने विषय काढला. हा नेहमीचा, पन्नाशीचा माणूस.

“सर, रविवारी तुमी त्या डोंगराच्या पुस्तकावर बोलणार ना?”

“हो.”

“खोटं हाय म्हणून सांगा.”

“वाचलंत का तुम्ही?”

“एकच पान. तेवढं पुरलं.”

त्या पानाचा फोटो त्याच्या मोबाइलवर होता. ती बाई त्याची थोरली बहीण. भाच्याच्या सासरकडच्या कोणीतरी फणस आणि दारावरून घर ओळखलं आणि फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तेव्हापासून भाच्याने आईला फोन केला नव्हता. मामाकडे निरोप आला होता, की यंदा शिमग्याला येणार नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारोदार येते. तिला खांदा द्यायला त्या घरात तो एकटाच उरला होता.

“जेवणाचं असं कोण बोलतं, सर? माझी ताई असं नाय बोलायची. त्या लेखकानं बनवलंय.”

मलाही तेच वाटत होतं. दोन माणसांचा संशय एकाच वाक्यावर पडला, म्हणून तो खरा वाटला. तरी ज्याच्याविषयी बोलायचं त्याला आधी विचारायचं, ही जुनी शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रिक्षाने पोलादपूर आणि तिथून वर गेलो. रस्ता संपला तिथे रिक्षा ठेवली आणि वाडीपर्यंत चाललो.

बाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दार निळंच होतं.

“ताई, हे पेपरातले सर. पुस्तक खोटं हाय म्हणून सांगणार हायत.”

“आदी पाणी दे रे त्यांना. मग खोटं-खरं.”

मी पान वाचून दाखवलं. जेवणाच्या वाक्याला ती हसली.

“हे मी बोललेच. बरोबर लिवलंय त्यानं.”

“तू? असं?” भाऊ म्हणाला.

“पोराच्या तोंडावर पण बोलते. मागं बोलले तर दुसऱ्या दिवशी फोन करून इचारतो, आई, काय जेवलीस? मी म्हटलं, तुझं डोकं.”

“मग तो रागावला कशावर?” मी विचारलं.

तिने सुपातले वाल हाताने सारखे केले. “खालच्या ओळीवर. तीन वर्षं आला नाय म्हणे. दर शिमग्याला येतो माझा पोरगा, पगार कापून घेऊन येतो. त्याला वाटतं, ते पण मीच सांगितलं. कानावर आलं, आता सासरची माणसं त्याला इचारतात, गावाला जातो म्हणून दर साल निघतोस, तो जातोस तरी कुठं?”

“लेखकाने तुम्हाला विचारलं नव्हतं?”

“मी गुरांकडं गेलेले. तवा तो तिकडं बसलेला चहा पीत.” तिने हनुवटीने शेजारचं घर दाखवलं. “तिचा येत नाय. तिनं माझ्या पोराचं सांगितलं.”

शेजारणीकडे गेलो. दाराला आतली कडी होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारल्यावर आवाज थांबला. दार उघडलं नाही.

संध्याकाळी लेखकाला फोन केला. शेजाऱ्यांकडून कळलं, दुसरीकडे तपासलं नाही, हे त्यांनी मान्य केलं. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत करू म्हणाले. आवृत्ती कधी निघेल ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मुलगा येतो, हे आईचं म्हणणं. मामानेही दुजोरा दिला. पण दोघं एकाच रक्ताची. तिसरा साक्षीदार दार लावून बसलेला. आणि यंदा मुलगा खरंच आला नाही, तर पुस्तकातलं खोटं वाक्य या वर्षापासून खरं व्हायला लागणार होतं.

रविवारी कादंबरी आणि आत्मकथन दहा मिनिटांत आटोपलं. तिसऱ्या पुस्तकाबद्दल सांगितलं, की ज्या वाक्याचा मला संशय आला ते बोलणाऱ्या व्यक्तीला मान्य आहे. ज्याचा आला नाही ते घरची माणसं नाकारतात. मुलगा दर वर्षी येतो असं आई आणि मामा सांगतात. मी पाहिलेलं नाही.

नाते गावाहून आलेले एक निवृत्त शिक्षक उठले. “मग पुस्तक वाचायचं की नाही?”

“वाचा. शेजाऱ्यांकडून ऐकलेलं वगळून.”

“मग गावाबद्दल उरतं काय?”

लोक हसले. मागच्या रांगेत रिक्षावाला मोबाइलवर चित्रण करत होता. बाहेर पडताना म्हणाला, “मी पाहिलेलं नाही, एवढं कशाला बोललात, सर?”

“पाहिलेलं नाही म्हणून.”

त्याने चित्रण भाच्याला पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही.

पालखीच्या दिवशी मी वाडीवर गेलो. ढोल खालच्या घरांपाशी वाजत होता. बाई दारात उभी होती आणि पायवाटेकडे बघायचं मुद्दाम टाळत होती. पालखी वळणावर आली तेव्हा पुढच्या दांडीखाली तिशीचा एक माणूस होता. बाईने पदर डोक्यावर घेतला आणि आरतीचं ताट आणायला आत गेली.

पालखी पुढे गेल्यावर तो घाम पुसत माझ्याकडे आला. मामाने माझ्याकडे बोट दाखवलं असावं.

“‘मी पाहिलेलं नाय’ बोलणारे तुमीच ना?”

“हो.”

“मग आता नीट बघून घ्या. येणार नव्हतो. मग म्हटलं, नाय गेलो तर तो लेखक खरा ठरेल. त्याची सोय आपण कशाला करायची?” फणसाखाली पांढऱ्या बुटांतला एक तरुण मोबाइल उंच धरून उभा होता. “मेव्हणा. साक्षीला आणलाय.”

आतून आई म्हणाली, “अरे, त्यांना जेवायला थांबव.”

सोमवारी वाचनालयात ती प्रत पुन्हा काढली. खालच्या वाक्यासमोर पेन्सिलने लिहिलं: ‘मुलगा दर शिमग्याला येतो, असं आई व मामा सांगतात. या शिमग्याला आलेला पाहिला.’ त्यापेक्षा जास्त लिहिण्याइतकं माझ्याकडे काही नव्हतं.

ग्रंथपाल बाईंनी ते वाचलं. पुस्तकांवर लिहू नये, अशी पाटी त्यांच्या मागेच लावलेली आहे. त्यांनी खोडरबर पुढे केला. मी फक्त जेवणाच्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि रबर परत दिला.