अंघोळीचं पाणी

सातपुड्यातल्या त्या जंगलाचं अभयारण्य झालं आणि आम्हा जळगावकरांच्या निसर्गप्रेमाला ऊत आला. तिथल्या नव्या बंगल्यावर पाहुण्यांच्या अंघोळीसाठी एक म्हातारा रोज बंब पेटवायचा. प्रत्येक लाकूड तो आधी जमिनीवर आपटायचा आणि आतल्या मुंग्या बाहेर पडेपर्यंत उकिडवा बसून राहायचा.

पाण्याला उशीर झाला म्हणून मी खेकसलो, "आबा, मुंग्यांचे कसले लाड करता?"

त्याने मान वर केली नाही. "साहेब, हाई त्यासनं घर शे. या बंगलाकरता आमनं घर उठाडं, तव्हय कोणी इतलं बी थांबनं नही."

मी कडकडीत पाण्याने अंघोळ केली. निघताना मी, निसर्गप्रेमी माणूस, अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: "परिसर रम्य. पाणी मिळायला मात्र उशीर होतो."