आई, बाबा आणि कॅम्पातल्या विहिरीची केस

ज्या वकीलसाहेबांनी सकाळी माझ्या आईच्या फोटोखाली हात जोडलेले इमोजी टाकलेत, त्यांनी ते काढावेत.

मी ब्लॉक करायच्या आत.

बाकीच्यांसाठी सांगतो.

काल आई वारली. पोशेऱ्यात, आपल्या घरात.

नव्वदच्या दशकात बाबा एका मिलिटरी कॅम्पात कॉन्ट्रॅक्टरचे मजूर होते. गाड्यांची इंजिनं धुवायचे. ते तेल, केमिकल सगळं मागच्या खड्ड्यात. खड्ड्याला लागून विहीर.

जवानांना टँकरचं पाणी. मजुरांना त्या विहिरीचं.

भातकापणी झाली की आईही तिकडे मजुरीला जायची. मुकादमाला म्हणाली, "पान्याला राकेलचा वास येतो."

"मग नका पिऊ."

दुसरं पाणीच नव्हतं.

बाबांच्या किडन्या गेल्या. अंग सुजून सुजून गेले.

कॅम्पवाले म्हणाले, मजूर आमचे नाहीत. आईने कॉन्ट्रॅक्टरवर नुकसानभरपाईची केस लावली. प्रत्येक तारखेला एसटीने ठाणे. हे वकीलसाहेब कॉन्ट्रॅक्टरचे.

कोर्टात म्हणाले, "आदिवासी माणूस. दारूने गेला असणार."

आई उभी राहिली. "माझा नवरा दारू नाय पेला साहेब. तुमचं पानी पेला."

हे हसले. मी बघितलंय.

मग बाहेर व्हरांड्यात ऑफर. दारूने मेला असं लिहून देतो, अंगठा दे, पैसे घे.

घरात तांदूळ नव्हता. आई तिथेच थुंकली.

पुढच्या तारखेला साहेबांनी हुशारी केली. म्हणे विहिरीवर पाटी होती, पाणी पिण्यास अयोग्य. मजुरांनीच लक्ष दिलं नाही.

होती ना पाटी. इंग्रजीत.

जजनी मान वर केली. "म्हणजे पाणी खराब आहे हे तुमच्या पार्टीला माहीत होतं?"



तरी निकालाला वर्षं गेली. बाबा त्या पाण्याने गेले, असं निकालात स्पष्ट लिहिलंय. पैसे हातात पडले तोवर मी नोकरीला लागलो होतो.

गावातले म्हणायचे, "आता सोड गं. देवानं न्याय केला ना?"

"देवानं नाय. मी केला. आन् माफी मी नाय देत."

शेवटपर्यंत नाही दिली.

आई, सावकाश जा.

तुझा राग इथेच ठेवून जा. मी सांभाळतो.