पाटीवरचं आभाळ

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे निजामुद्दीनभाई यवतमाळच्या दुकानांच्या पाट्या रंगवत. फ्लेक्स आले आणि त्यांच्या हातची अक्षरं एकेक करून झाकली गेली. आता त्यांची एकच पाटी उरली आहे, माझ्या फाटकावरची, माझ्या यजमानांच्या नावाची. येताजाता ते तिच्याकडे बघतात.

माझी भाची आभा मुकुटबनला शिक्षिका आहे. तिला वर्गाच्या छताला ताऱ्यांचा नकाशा हवा होता. मी निजामभाईंचं नाव सुचवलं.

"छताले कोणी फ्लेक्स लावत नाही. राहील तिथं," एवढंच ते म्हणाले.

मान वर धरवत नव्हती, म्हणून त्यांनी प्लायवूडची मोठी पाटी वर्गातच जमिनीवर ठेवून, वाकून रंगवली. आभाने दिलेल्या छापील नकाशात उत्तर वर होती, पण पूर्व डावीकडे. तो तसाच काढला तर पूर्व मागच्या भिंतीकडे जात होती, आणि सकाळचं ऊन तर समोरच्या दारातून येत होतं. छापणाऱ्याची चूक समजून त्यांनी सगळे तारे डावी-उजवी बाजू बदलून काढले. विचारलं कुणालाच नाही. गिऱ्हाइकाच्या मजकुरातल्या चुका न बोलता सुधारायच्या, ही त्यांची जुनी रीत.

मग उत्तर उत्तरेलाच ठेवून, चित्र खाली करून पाटी छताला ठोकली. त्या दिवशी मी सोबत होते. वर बघून आभाने एकदा दाराकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे.

"चाचा, पूर्व मागच्या भिंतीकडे गेली. हा नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो. आपण आभाळाच्या खाली ना."

"मी तर वरून पाह्यलं," निजामभाई बाकावर बसले. "खाली होती तवा बराबर होती."

"फिरवून लावली तर?" मी विचारलं.

"मग उत्तर दक्षिणेला जाईल, मावशी."

पुन्हा रंगवायचं कुणी बोललं नाही, तरी त्यांनी हात पुढे केला. "एवढ्यातच हा हात थकला. याच्यानं आता ध्रुवतारा बी गोल येनार नाही."

आभा म्हणाली, जमिनीवरच ठेवू. तिथे प्रत्येक तारा आपापल्या दिशेला होता. आपण आभाळाच्या बाहेर उभं राहून खाली वाकून बघतोय, एवढं मुलांनी समजून घ्यायचं.

"म्हंजे पोरं आभाळावर चालतीन."

"चपला काढून, चाचा."

"चपला काढल्या तरी रंग जाते, बेटा."

मान दुखत असूनही ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "उतरवा. चुकीची पाटी टांगून नाही ठेवत मी."

परवा मी मुकुटबनहून परतले तेव्हा ते फाटकाशीच उभे होते.

"किती राह्यलं आभाळ, बाई?"

"मृगाच्या जागी लाकूड दिसायला लागलंय. मुलं तिथेच गर्दी करतात."

"पूर्व दाराकडंच हाय न?"

"दाराकडेच आहे."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीला धरून धरून घराकडे गेले.