डिस्कला लावलेलं तेल

सायकलच्या ब्रेकच्या डिस्कला तेल लावायचं नसतं. एवढीशी गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याने माझ्या बागेचा निवाडा करावा? आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमची आंब्याची बाग सड्यावर, डोंगरावरच्या सपाट माळावर; घरापासून कातळातली चढाची वाट. नवरा मुंबईला नोकरीत, धाकटा दीर बोटीवर, इंजिनरूममध्ये. बाग बघते मी. कलमं गुडघाभर होती तेव्हा कळशीने पाणी नेऊन मीच जगवली. पण माझे गुडघे बोलायला लागले आणि घरात कुजबुज सुरू झाली, हिला आता चढवत नाही, बाग कराराने देऊन टाकू. म्हणजे फवारणी दुसऱ्याची, राखण दुसऱ्याची आणि मी आपल्याच बागेच्या दगडी गडग्याबाहेर उभी! म्हणून मी डोंगरात चालणारी विजेची सायकल घ्यायची ठरवली.

झालं! दिराने बोटीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला घेतल्या. "वहिनी, मोठी फ्रेम घ्या, मजबूत असते. मोटर मोठी, बॅटरी मोठी." अहो, माझी उंची पाच फूट! पाय खाली टेकतात की नाही ते कोण बघणार, समुद्रातले मासे? आमच्या घरात ही खोडच आहे. चप्पल घ्यायची ती एक नंबर मोठी, छत्री घ्यायची ती चौघांची. मी दुकानात एकेका सायकलवर टांग टाकून, दोन्ही पाय जमिनीला लावून पाहिलं आणि सगळ्यात लहान फ्रेम घेतली. पुढचं दातेरी चक्रही काढून लहान बसवून घेतलं, चढावर पायाला हलकं जावं म्हणून. वेग कमी होतो म्हणे. होईना का, मला काय एसटीशी शर्यत लावायचीय? ब्रेकच्या डिस्क मात्र मोठ्या घेतल्या. चढताना मोटर हात देते, पण उतरताना ते धूड आपल्यालाच थोपवावं लागतं. फोटो बघून दीर हसला, "पोरांची सायकल!"

त्या पोरांच्या सायकलीवर मी अख्खा हंगाम काढला.

मे संपता संपता दीर सुट्टीवर आला. पावसाआधी घरातलं सगळं लोखंड तेलाने पुसायचं ही आमची रीत. खारं वारं मेलं कुलूपसुद्धा खातं. त्याने कोयते, कड्या, पंप, सगळं पुसलं आणि ऐटीत सांगितलं, "तुमच्या सायकललाही सोडलं नाही, वहिनी." मी कौतुकाने चहा दिला.

दुसऱ्या दिवशी बागेतून उतरताना ब्रेक दाबला, तर सायकल थांबायचं नाव घेईना. दोन्ही दाबले, नुसतं किंचाळणं. शेवटी करवंदीच्या जाळीत घातली तेव्हा थांबली. कोपर सोललेलं, अंगभर काटे. लंगडत घरी आले, तर "लागलं का?" विचारायचं सोडून दीर म्हणतो काय, "ब्रेकला कशाला नावं ठेवता? नाचता येईना अंगण वाकडं. बाईमाणसाचं काम नव्हेच ते." नवऱ्याने फोनवर त्याचीच री ओढली. गणपतीला सगळे जमले की बाग देऊन टाकायची, असं दोघांनी ठरवूनही टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी पांढरं फडकं डिस्कवरून फिरवलं आणि दिराच्या नाकासमोर धरलं.

"हे काय?"

"तेल. गंजू नये म्हणून."

"भावजी, ती डिस्क धरूनच सायकल थांबते! उद्या शेवाळ नको म्हणून विहिरीच्या पायऱ्यांना तेल लावाल!"

"बोटीवर सगळ्यालाच लावतात," तो पुटपुटला. चुकलं म्हणेल तर शपथ. तेल प्यायलेले ब्रेकचे पॅड मी फेकून दिले, नवे मागवून घातले, डिस्क स्पिरिटने पुसल्या. पण बागेचं ठरलं ते ठरलंच.

गणपतीत करारवाला बाग बघायला आला. "मी दाखवतो," म्हणून दीर पुढे झाला. मी म्हटलं, बघूच. त्यांच्या आधी सायकलने वर जाऊन आमच्या गडग्यावर बसले. बराच वेळ दोघांचा पत्ता नाही. उठून खाली डोकावले, तर दीर शेजाऱ्याच्या बागेत शिरलेला आणि हात पसरून सांगतोय, "ही सगळी कलमं आपलीच!"

हसू यायला हवं होतं. मला रडूच आलं, संतापाने.

"भावजी," मी वरून ओरडले, "आपली इकडे!"

करारवाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाग नक्की कोणाची म्हणायची?"

दीर मान खाली घालून म्हणाला, "वहिनींना विचारा."

"द्यायची नाही," मी सांगितलं आणि सायकल काढली. करवंदीच्या जाळीपाशी मुद्दाम ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी राहिली.