भुईमूग आणि बहुमत

आमच्याकडे पळसदेवला भुईमुगाच्या शेंगा तोडायला मजूर शोधत नाहीत, सावड करतात. आज साऱ्याजणी तुमच्या रानात, उद्या माझ्या. लोकसभेच्या मतदानाआधी शेजारच्या काकूंचा भुईमूग आम्ही काढून दिला होता. पुढची पाळी आमची.

मध्ये मतदान आलं. माझे सासरे एका उमेदवाराचे पोलिंग एजंट, काकूंचे यजमान दुसऱ्याचे. केंद्राबाहेर दोघांची अशी जुंपली की पोलिसांना मध्ये पडावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून काकू आमच्या बांधाकडे फिरकल्या नाहीत, आणि त्यांच्यामागे बाकीची सावडही गेली.

सासूबाई म्हणाल्या, "निकाल लागू दे. मग कोण येतंय नि कोण न्हाय ते बघू."

मला राग आला. पाला पिवळा पडला होता, शेंगा तयार होत्या आणि रोज दुपारी आभाळ भरून येत होतं. मी बारामतीच्या शाळेत शिकवते, सुट्टीला आलेली. माझ्या एकटीच्यानं रान काय उरकणार? "आत्या, मी बोलावू का त्यांना?" असं विचारलं तर त्यांनी मला नजरेनंच गप्प केलं. निकालाआधी वळीव चांगला झोडपून गेला.

निकाल लागला, पण दिल्लीत बहुमत कुणालाच नाही. सगळ्यात मोठ्या पक्षालाही इतरांच्या पाठिंब्यावरच सरकार बसवावं लागणार होतं. सासरे टीव्हीसमोर बोटांवर मोजत बसले: हा आला तर जमेल, तो फुटला तर पडेल. सासूबाई चहा घेऊन मागं उभ्या होत्या.

"कालपातूर एकमेकाला शिव्या देत हुते की हे," त्या म्हणाल्या.

"राजकारणात चालतंय तसं."

"व्हय का? मग आमालाच का चालत न्हाय?" कपबशी तिथंच आदळून त्या अनवाणीच काकूंच्या दारात गेल्या.

काकू पाटी घेऊन लगेच निघाल्या. बाकीच्या बायकाही आल्या. वेल उपटले, तर ओल्या मातीत शेंगांना कोंब फुटलेले. आमचं वर्षाचं तेल त्यातच होतं. सासूबाईंनी एक शेंग फोडून बघितली.

"आदी आली असतीस, तर हाती लागलं असतं गं."

"बोलावलं असतंस, तर," काकू म्हणाल्या.

मग दोघी खाली बघून तोडत राहिल्या. कोंब आलेल्या शेंगांचा ढीग चांगल्या शेंगांपेक्षा मोठा होत गेला.