शरच्चंद्र मास्तरांच्या काचा

बेळगावात ड्रॉइंग शिकवणाऱ्या शरच्चंद्र मास्तरांना माणसांचा फोटो काढायला सांगा, लगेच कपाळाला आठी! लग्नाची जोडपी, पगडीवाले वकील, असल्या भानगडीत ते पडत नसत. सन एकवीस साली कॅम्पात एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून त्यांनी तिपाईवरचा कॅमेरा आणि फोटो उमटवायच्या पेटीभर काचा उचलून आणल्या. तेव्हापासून दर रविवारी सायकल काढून कडोलीच्या वाटेला लागायचं ठरलेलं. बांधावरचा तेरडा, तळ्याकाठचा बगळा, रवंथ करणारी म्हैस; एवढ्यात गडी खूश.

काचा जुन्या, मंद. भिंगावरचं टोपण काढून चार अंक मोजायचे, मग परत लावायचं. तेवढ्यात जनावर कान हलवणारच. काच औषधात धुतली की त्याच्या जागी धुरकट डाग. म्हणून कडोलीच्या भरमा शेतकऱ्याचा बैल लख्ख उमटला तेव्हा मास्तर नाचायचेच बाकी राहिले. बैलांच्या सणाचा, बेंदराचा दिवस, शिंगं रंगवलेली, हलगी कडकडतेय, माशा घोंघावताहेत, आणि बैलाचा एक केससुद्धा हललेला नाही! "हात बसला माझा," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढच्या रविवारी फोटो द्यायला गेले तर दावं रिकामं.

"काल गेला बघा, मास्तर," भरमा म्हणाला. "काय सुदीक झालं न्हवतं. हुबा हुता, बसला, संपला."

मग बगळा लख्ख आला. तो तळ्याकाठी पालथा सापडला. मग भरमाच्या शेजारच्या अक्काताईची शेळी. जे जे स्वच्छ उमटलं ते आठ दिवसांच्या आत गेलं, आणि धुरकट आलेली म्हैस मजेत चरत राहिली. मास्तर शिकलेला माणूस. योगायोग म्हणून स्वतःची समजूत घालायचे, पण काच धुताना आधी धुरकट डागच शोधायचे. फोटो बिघडू दे म्हणून देवाला विनवणारा फोटोवाला तुम्ही कधी पाहिलाय? सोडून द्यावं ना मग सगळं! पण नाद वाईट हो, सुटत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी त्यांची सहा वर्षांची बेबी हट्टानं बरोबर आली. या पोरीला दोन मिनिटं ताटावर बसवणं म्हणजे तिच्या आईची, पद्मजाबाईंची, रोजची लढाई. मास्तरांनी तेरड्यासमोर कॅमेरा लावला, टोपण काढलं, "एक..." म्हणतात तोच बेबी फुलांत घुसून गरागरा फिरायला लागली.

"बेबे, बाजूला हो!" मास्तर ओरडले. उशीर झाला होता.

घरी येऊन काच धुतली. फुलं वाऱ्यानं हलून धुरकट झालेली. आणि मधोमध बेबी, एका जागी उभी, बापाकडे बघणारी. पापण्या मोजून घ्याव्यात इतकी लख्ख. मास्तरांनी बोटांवर आठ दिवस मोजले.

पद्मजाबाई मात्र हरखल्या. "अगंबाई, एकदाची स्थिर राहिली म्हणायची! चौकट करून आणा हो."

काय सांगणार बायकोला? मास्तरांनी शाळेला रजा टाकली आणि पोरीच्या मागं मागं फिरत दिवसातून वीसदा तिचं कपाळ चाचपू लागले. ताप नाही, खोकला नाही. पाचव्या दिवशी मात्र बेबी अंगणात गेलीच नाही. पायरीवर बसून राहिली.

"खेळ की गं, बाळ."

"नको बाबा," ती म्हणाली, आणि जागची हललीही नाही.

मास्तर तडक देवघरात गेले. "न्यायचंच असेल तर मला ने," ते म्हणाले. "पोरीला हात लावू नकोस." मग भर दुपारी त्यांनी तिपाई अंगणात मांडली, बेबीला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसले आणि पद्मजाबाईंना टोपण काढून चार अंक मोजायला सांगितलं. बेबी बाहुलीसारखी निश्चल. मास्तर मात्र, त्या दिवशी फुलांत बेबी हलत होती तसे, जोरजोरात मान हलवत होते.

"अहो, हे काय चाललंय? हलू नका ना!"

"तू मोज!"

काच धुवायला ते एकटेच आत गेले. हळूहळू चित्र वर आलं. मांडीवर नुसता धुरकट डाग. ना नाक, ना डोळे. आणि त्यामागं मास्तरांचा चेहरा, मिशीचा केस न् केस स्वच्छ, मान सरळ.

मास्तर मोठमोठ्यानं हसायला लागले. पद्मजाबाई धावत दाराशी आल्या.

"काय झालं हो?"

"बेबी हलली," डोळे पुसत मास्तर म्हणाले. "फोटो पार बिघडला."