आईची मुरड
सांगलीत मोमोच्या गाडीवरचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली आणि मला लहानपणची मुंबईतल्या भारी चिनी हॉटेलातली दुपार आठवली. वडील तिथं भटारखान्यात होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र ते नुसतं ‘हाटेलात हाय’ एवढंच सांगायचे. त्या दिवशी मालकानं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. एसीच्या गार हवेत पदर सावरत आई मऊ खुर्चीच्या कडेला टेकली. वेटरनं बांबूची गोल टोपली ठेवून झाकण काढलं, तर आत उकडलेल्या, पातळ पारीच्या करंज्यांसारखं काहीतरी. आईनं एक उचलली, फिरवून पाहिली आणि तिचा हात थांबला. कडेला तिचीच मुरड होती; शेवटचं टोक असं बाहेर वळवायची मुरड गावात तिची एकटीची होती. दिवाळीला सुट्टीवर आले की वडील तिच्याशेजारी बसून ती शिकायचे, तेव्हा जावा पदराआड हसायच्या. पांढरी टोपी घातलेले वडील बाहेर आले, म्हणाले, “कसं झालंय?” आई मान खाली घालूनच बोलली, “आवं, टोक वाईच दाबत जावा. वाफंत सुटतंय.” ते टोपली उचलून आत गेले. थोड्या वेळानं दुसरी टोपली आली. तिच्यातलं एकही टोक सुटलेलं नव्हतं. आज गाडीवाल्यानं प्लेट पुढं केली, तेव्हा मीही आधी टोकच पाहिलं.